आमची वाटचाल : घुग्घुसमधलं मोटार वाइंडिंगचं दुकान

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला इंग्रजांच्या काळापासून कोळसा निघतोय. भूमिगत खदानीतल्या एफएलपी, म्हणजे आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणाऱ्या (फ्लेमप्रूफ) मोटारीला आम्ही हात लावत नाही. तिच्या फ्लँजला, म्हणजे झाकण बसायच्या कडेला, ओरखडा गेला तरी आतली ज्वाळा बाहेरच्या मिथेनपर्यंत पोहोचू शकते. आमचं पोट ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खदानीच्या, माती उपसणाऱ्या ठेकेदारांवर. मृग लागला की खदानीच्या तळाला पाणी साचतं, पंप रात्रंदिवस चालतात, काळा गाळ बेअरिंगमध्ये शिरतो आणि जळक्या मोटारी नवी तार भरून घ्यायला आमच्या दारात येतात.

बाबांनी १९९१ साली दुकान टाकलं. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, इन्सुलेशन तपासायचा पाचशे व्होल्टचा मेगर, तारेची जाडी मोजायचं वायरगेज आणि मोटारीच्या खाचांत (स्लॉटमध्ये) तार बसवायच्या बांबूच्या पट्ट्या. पट्ट्या बाबा स्वतः तासायचे. लोखंडाची लावली तर तारेवरचं इनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा लेप, सोलून निघतं. मेगर अजून तोच आहे.

मग मागच्या गल्लीत दुसरं दुकान आलं. दर आमच्या निम्म्याने. बिलावर तांबं लिहायचे आणि भरायचे ॲल्युमिनियम, वरून तांब्याच्या रंगाचं इनॅमल. ब्लेडने खरवडलं की पांढरी तार दिसायची. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. त्याच गेजची तार भरली तर मोटार लोडवर तापणारच. पण ठेकेदाराला पावसाळा निघाला की झालं! गिऱ्हाईक तुटत गेलं. त्यातच एका ठेकेदाराचं काम संपलं, मशिनरी रातोरात हलली आणि आमचं अख्ख्या हंगामाचं बिल बुडालं. तारवाल्याने उधारी बंद केली. आईच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा कुठे शटर उघडं राहिलं.

त्या दिवसांत कॉलनीतले चक्कीवाले काका तेवढे टिकले. मोटार घेऊन यायचे, स्टुलावर बसायचे, जुनं तांबं काट्यावर घालायचे, नवी तार तोलायचे आणि तारेचे पैसे आगाऊ ठेवायचे. "दर कमी कर" असं एकदाही म्हणाले नाहीत.

तुम्हीही तार समोर तोलून घ्या. ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून हलकं असतं, लगेच कळतं. जुनी वाइंडिंग काढायला स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) उघड्या आगीत टाकणाऱ्याकडे जाऊ नका. स्टॅम्पिंगमधलं, म्हणजे त्याच्या लोखंडी पत्र्यांमधलं, इन्सुलेशन जळतं, मग अस्सल तांबं भरूनही मोटार गरमच चालते.

मागच्या गल्लीतलं दुकान बंद पडलं. तो ठेकेदार दुसऱ्या खदानीवर काम करतो आहे. आमचं बिल त्याने अजून दिलेलं नाही.