बीमवरचा फ्लिक आणि दिल्लीचा कॅम्प: माझा अनुभव

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स कॅम्पसाठी माझं नाव आलं, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता ही रोज नवी उडी शिकणार. पण सुरुवातीला आम्ही शिकलो ते हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं. पोट आत, खांदे कानाला टेकलेले, पायाची बोटं ताणलेली. जरा कंबर वाकली की सरांचा आवाज यायचा, "फिर से!"

यामागचं गणित मला तिथेच नीट उमगलं. लँडिंगला पाय किंचित सरकला तरी ०.१ गुण जातो, मोठं पाऊल पडलं तर ०.३, आणि पडलं की पूर्ण १. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर १५.०६६ गुणांवर चौथी आली, तिचं कांस्य ०.१५० ने गेलं. तो आकडा आम्हा सगळ्या मुलींना तोंडपाठ आहे. म्हणूनच तासन्‌तास हँडस्टँड करायचा कंटाळा येत नाही.

सकाळी वॉर्मअप, कंडिशनिंग (ताकदीचे व्यायाम) आणि दोन साधनं, दुपारी जेवून सक्तीची झोप, संध्याकाळी पुन्हा हॉल. डिसेंबरात हॉल इतका गार असतो की अंग तापायलाच अर्धा सराव जातो. जेवणात राजमा-चावल, अंडी, पनीर. पोट भरायचं, पण आईच्या हातच्या वरणभाताची आठवण यायचीच.

हातांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. अनइव्हन बार्सवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर, ग्रिप (तळहातावरचे चामडी पट्टे) घालूनही तळहाताची कातडी सोलते. बोटांच्या मुळाशी घट्टा चढला की तो बारवर अडकतो आणि निघताना खालचं मांसही उघडं करतो. एका सीनिअर दीदीने मला शिकवलं: रोज अंघोळीनंतर घट्टे मऊ असतानाच घासून सपाट करायचे आणि रात्री व्हॅसलीन चोपडून मोजे हातात घालून झोपायचं. हा उपाय मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

माझी खरी कसोटी होती बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी. सव्वाशे सेंटिमीटर उंच, फक्त दहा सेंटिमीटर रुंद. रुटीनमध्ये सलग दोन उड्यांची मालिका लागते, त्यातली एक सॉल्टो, म्हणजे हात न टेकता हवेतली कोलांटी. माझी होती फ्लिक (मागे उडी घेऊन हातांवरून उलटणं) आणि लेआउट (अंग सरळ ठेवून मारलेला सॉल्टो). घरच्या क्लबमध्ये फ्लिक यायचा, पण कॅम्पच्या प्रशिक्षक मॅडमनी पाहिलं आणि थेट जमिनीवरच्या रेषेवर आणलं. कंबर तिरकी जात होती, त्यामुळे मागचा हात बीमच्या कडेवर पडत होता. रेषेवर जमल्यावर बुटका बीम. मग उंच बीम, पण दोन्ही बाजूंना त्याच्या उंचीपर्यंत मॅट रचलेल्या. जमेल तशी एकेक मॅट मॅडम काढत गेल्या.

शेवटची मॅट निघाली त्या दिवशी माझे पाय थरथरत होते. मागे काहीच दिसत नाही, फक्त हात कुठे पडणार याचा भरवसा ठेवायचा. दोन्ही अंगठे एकमेकांना टेकले, तळवे बीमच्या मधोमध पडले आणि पाय एकामागोमाग उतरले. मी डगमगले नाही. खाली उभ्या असलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक है. अब लेआउट जोड़ो."

लेआउटसाठी त्या मला परत जमिनीवरच्या रेषेवर घेऊन गेल्या. सध्या तिथेच सराव चालू आहे.