'करणे'च्या आड लपलेलं 'अबाउट'

स्मरणिकेत घंटा, मैदान आणि स्नेहसंमेलनातल्या फजितीबद्दल इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे आठवीतल्या इंग्रजीच्या तासाबद्दल, आणि त्यातही प्रिपोझिशनबद्दल. हे वाचून संपादक मंडळाने कपाळावर हात मारला असेल, तर विषय न सांगता लेख मागवला त्यांनीच, एवढंच म्हणतो.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तोवर आमची बॅच नोकरी-धंद्याला लागून स्थिरस्थावर झाली होती. त्यामुळे आठवीत आमच्याजवळ इंग्रजीचं भांडवल ते केवढं! प्रिपोझिशनची रिकामी जागा आली की आम्ही आधी मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणायचो. 'वर' आलं की 'ऑन', 'शी' आलं की 'विथ', 'ला' आलं की 'टू', 'बद्दल' आलं की 'अबाउट'. गंमत म्हणजे हे पुष्कळदा जमायचंसुद्धा. पिकं पावसावर अवलंबून, म्हणून 'डिपेंड ऑन'. मी तुझ्याशी सहमत, म्हणून 'ॲग्री विथ'. अशा फुकटच्या मार्कांनी धीर चेपला की पुढच्याच वाक्यात 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर' आणि 'वी रीच्ड टू द स्टेशन' बिनदिक्कत लिहून मोकळे.

बाईंनी यावर नियमांची यादी दिली नाही. एक दिवस त्यांनी फळ्यावर पाच मराठी क्रियापदं लिहिली. भेटणे, बोलणे, रागावणे, हसणे, वाट पाहणे. प्रत्येकाला 'तो' जोडून वाक्य करा म्हणाल्या. इंग्रजीच्या तासाला मराठी! आम्ही खुशीत. त्याला भेटलो, त्याच्याशी बोललो, त्याच्यावर रागावलो, त्याला हसलो, त्याची वाट पाहिली.

"'त्याच्यावर भेटलो' का नाही रे?" बाई.

वर्ग हसला.

"दात काढू नका, कारण सांगा."

कारण कोणाकडेच नव्हतं. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तसं म्हणतच नाहीत."

"मग इंग्रजांनाही 'तसं म्हणत नाहीत' एवढं म्हणायची मुभा द्या की!"

वर आणखी म्हणाल्या, लांब कशाला जाता, हिंदीत 'उससे मिला' म्हणतात, मराठीत 'त्याला भेटलो'. शेजारच्या घरात रीत बदलते, मग सातासमुद्रापारच्या भाषेने आपलीच रीत का पाळावी?

पण बाईंची खरी हातोटी दिसली ती पुढच्या तासाला. त्यांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे इंग्रजी नाम, उजवीकडे त्याच अर्थाचं क्रियापद. डावीकडे 'अ डिस्कशन अबाउट द मॅटर', उजवीकडे नुसतं 'डिस्कस द मॅटर'. डावीकडे 'एन्ट्री इन्टू द रूम', उजवीकडे 'एन्टर द रूम'. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'रिक्वेस्ट लीव्ह'. 'रिझेम्ब्लन्स टू हिज फादर', पण 'ही रिझेम्बल्स हिज फादर'. 'एम्फसिस ऑन ग्रामर', पण 'एम्फसाइझ ग्रामर'. इतिहासाच्या तासाला नुकताच लाल महाल झाला होता, तोही कामी आला. 1663 सालचा तो छापा नाम म्हणून 'ॲन अटॅक ऑन द खान', आणि क्रियापद वापरलं की 'महाराज अटॅक्ड द खान', मधे काही नाही. डावीकडची प्रिपोझिशन्स त्यांनी लाल खडूने गिरवली होती. उजवीकडे लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मग त्यांनी विचारलं, 'डिस्कस'ला मराठीत काय म्हणता? चर्चा करणे. 'एन्टर'? प्रवेश करणे. 'अटॅक'? हल्ला करणे. 'रिक्वेस्ट'? विनंती करणे. बघा, म्हणाल्या, तुम्हाला वाटतं हे क्रियापद आहे, पण तुम्ही एक नाम उचलून त्याच्यामागे 'करणे' लावलंय. 'विषयावर' मधला 'वर' आलाय तो 'चर्चा' या नामापायी. इंग्रजी बोलताना तुम्ही क्रियापद घेता उजवीकडचं आणि त्याला शेपूट चिकटवता डावीकडचं.

हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढे व्याकरणाची बरीच पुस्तकं चाळली. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही हे सगळीकडे दिलेलं असतं, पण मराठी मुलाच्या तोंडी ते येतं कुठून, हे इतकं नेमकं सांगणारं मला तरी कोणी भेटलं नाही.

अर्थात या रेघेने सगळंच सुटत नाही, आणि बाईंनी तसा आवही आणला नाही. 'माझं ऐक' म्हणताना आपण 'ला' लावत नाही, इंग्रजीत मात्र 'लिसन टू मी'. 'त्याला हसले' तर 'लाफ्ड ॲट हिम'. 'मला सांग' हे 'टेल मी', पण 'मला समजावून सांग' म्हणताना 'एक्स्प्लेन इट टू मी', तिथे 'टू' गाळला की बाईंच्या भुवया वर. लग्नाचं तर आणखी त्रांगडं. डॉक्टरशी लग्न केलं तर 'मॅरीड अ डॉक्टर', आणि लग्न होऊन संसार चालू असेल तर 'इज मॅरीड टू अ डॉक्टर'. "विथ कुठेच नाही, ना मांडवात ना संसारात," असं बाई म्हणाल्या आणि मुलींच्या रांगेत खसखस पिकली. अशा शब्दांना इलाज घोकंपट्टीचा. मात्र क्रियापद एकटं पाठ करायचं नाही, शेपटासकट करायचं, हा दंडक. वहीत 'लिसन' असं कधी लिहू दिलं नाही, 'लिसन टू' असंच.

पुढे मी कोर्टात लघुलेखक म्हणून लागलो आणि ही शेपटंच माझ्या भाकरीला कारण झाली. साहेब भराभर निकाल सांगत, आणि वेगात सांगताना बारके शब्द ओठांतच राहतात. ते आपण अचूक भरायचे. एकाच चोरीचं प्रकरण, पण 'ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ थेफ्ट', 'कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट'. शिक्षा झाली तर 'सेंटेन्स्ड टू थ्री यीअर्स फॉर थेफ्ट', म्हणजे 'टू'नंतर शिक्षा आणि 'फॉर'नंतर गुन्हा. सुटला तर 'ॲक्विटेड ऑफ'. आपण 'आरोपातून मुक्तता' म्हणतो, म्हणून भल्याभल्यांच्या मसुद्यात तिथे 'फ्रॉम' येतं. अपिलाचं प्रकरण तर मजेशीर. सगळे वकील 'अपील अगेन्स्ट' म्हणतात, ते चूक नाही, पण 2024 पर्यंत लागू असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 374 चा मथळा 'अपील्स फ्रॉम कन्व्हिक्शन्स' असा होता. यावरून बार रूममध्ये मी चहाच्या पैजा जिंकलेल्या आहेत.

आता नात्यातली इंग्रजी माध्यमातली मुलं फाडफाड बोलतात, आणि 'डिस्कस अबाउट'ही तितक्याच फाडफाड. मी टोकत नाही. बोलण्यात चालतं, अर्थ कळतो, आणि आजूबाजूला सगळे तसंच बोलत असतील तर पोरांच्या कानांनी तरी काय करावं? कागदावर मात्र मला ते खपत नाही, इथे मी जुन्या वळणाचाच.

महोत्सवाच्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेचा मसुदा गेल्या महिन्यात समितीने माझ्याकडे धाडला. पहिल्याच ओळीत 'वी रिक्वेस्ट फॉर युवर प्रेझेन्स'. मी 'फॉर' खोडला. त्यावर समितीतल्या एका ज्येष्ठांचा फोन आला, "अहो, 'फॉर' असलं की जरा आदबशीर वाटतं." मी त्यांना फळ्यावरची रेघ समजावून सांगितली. पटलं नाही. मग 'काइंडली' घालून देतो म्हटलं, तेव्हा कुठे 'फॉर' सोडायला तयार झाले.