डाळिंबाची साल, सहा धागे आणि गच्चीवरचा पिंप

साल एकच, पातेलं एकच, तुरटीचं मापही तेच. तरी तीनपैकी दुसरी लडी शेवाळासारखी हिरवट-करडी निघाली. पहिली आणि तिसरी मात्र पिकल्या लिंबाची, किंचित मळकट पिवळी. एका शालीसाठी रंगवलेलं सूत असं निघाल्यावर मी दोन दिवस त्या लडीकडे बघितलंसुद्धा नाही.

आधी सुताबद्दल. लोकर मी यंदा बासनात बांधून ठेवलीय. सोलापुरात थंडी येते ती जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपुरती, आणि एप्रिलमध्ये लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला की तळहाताच्या घामाने टाका सुईवरून सरकतच नाही. शिवाय ज्या गावात चादरी आणि टॉवेल विणले जातात तिथे राहून लोकर बाहेरून मागवायची, हे मला जरा लाजिरवाणंच वाटायला लागलं होतं. म्हणून शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून, २/२० चं कच्चं सूत आणलं, लड्यांतलं, न रंगवलेलं.

हे सूत मागासाठीचं, म्हणजे आपल्या सुयांना फारच बारीक. नंबराचा हिशेब असा: एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर. २/२० म्हणजे विसाचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणून जाडी दहा नंबरची. १०० ग्रॅममध्ये साधारण १,६९० मीटर. सहा धागे एकत्र घेतले की १०० ग्रॅमला २८० मीटरच्या आसपास येतं, आणि ९ नंबरच्या सुयांवर ते छान बसतं. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके, ३० ओळी. धुतल्यावर ओळी ३२ झाल्या. सूत लांबीत आटतं, तेव्हा नमुना धुवायचा कंटाळा करू नका. मी एकदा केला होता, तो ब्लाउज आता भाचीला होतो.

सहा धागे एकत्र गुंडाळायला शेजारच्या अक्का मदतीला आल्या. त्यांचं सगळं तारुण्य मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलंय. मी ओली लडी कपड्यासारखी पिळत होते ते बघून त्यांनी ती हातातून ओढूनच घेतली. "पिळायची नसती गं, झटकायची असती." दोन हातांत ताणून त्यांनी तीन झटके दिले आणि गुंतलेले धागे केस विंचरल्यासारखे सरळ झाले. इतकी वर्षं मी लड्या सोडवण्यात जे तास घालवले त्यांचा हिशेब मांडायला नको.

रंगवण्याची रीत प्रत्येक १०० ग्रॅमला अशी ठेवली. आधी धुण्याचा सोडा ५ ग्रॅम घालून दीड तास उकळलं. कच्च्या सुतावर कापसाचं मेण असतं, ते जाईपर्यंत रंग आत शिरत नाही. पाणी चहासारखं झालं की समजायचं. मग हिरड्याची पूड २० ग्रॅम, कोमट पाण्यात रात्रभर. मग तुरटी १५ ग्रॅम, पुन्हा रात्रभर. लोकर तुरटी सहज धरते, सुताला आधी हिरड्यासारखं तुरट काहीतरी लागतं. डाळिंबाच्या सालीत तो तुरटपणा असतोच, त्यामुळे हिरडा वगळूनही बघायला हरकत नाही. मी घाबरून घातला. साल रसवाल्याकडून फुकट मिळाली. इथल्या उन्हात दोन दिवसांत ती खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. सुताइतक्याच वजनाची साल भिजवून तासभर उकळली, जुन्या मलमलीतून गाळली, लडी कोमट रंगात सोडून हळूहळू तापवली आणि त्यातच गार होऊ दिली.

मग दुसरी लडी का बिघडली? आधी सालीवर संशय घेतला, मग पातेल्यावर. शेवटी पाणी आठवलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे घरात पिंपंच पिंपं. दुसऱ्या लडीच्या दिवशी मोरीतला प्लॅस्टिकचा पिंप रिकामा होता, म्हणून गच्चीवरच्या जुन्या पत्र्याच्या पिंपातलं पाणी आणलं होतं. दोन ग्लासांत दोन्हीकडचं पाणी घेऊन चमचा-चमचा हिरड्याचा काढा टाकला. मोरीतलं पाणी फिकटच राहिलं. गच्चीवरचं थोड्या वेळात जांभळं धुतल्यासारखं काळपट झालं. लोह! गंजातलं लोह हिरड्या-डाळिंबाच्या तुरटपणाशी मिळालं की रंग काळवंडतो. जुनी शाई याच मेळातून बनायची. रंगवणाऱ्या प्रत्येकाने पाण्याची ही ग्लासपरीक्षा एकदा करावी, फुकटची आहे.

आता शालीचं काय, हा प्रश्न उरलाच. एकटी करडी लडी ठिगळासारखी दिसली असती. म्हणून चौथी लडी मुद्दाम काळवंडवली: पिवळी रंगवून झाल्यावर २ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं. डोळ्यांदेखत रंग उतरत्या संध्याकाळसारखा होत जातो, आणि अजून थोडं घालावं असा मोह होतो. घालू नका, जास्त हिराकशीने सूत कमजोर होतं.

शाल आयताकृती आहे, ११० टाक्यांची, बँकेतल्या एसीत खांद्यावर टाकायला. दोन्ही पिवळ्या लड्यांतही जरा फरक होताच. म्हणून दोन गुंडे लावून दर दोन ओळींनी अदलाबदल करतेय, धागा कडेने वर नेत. फरक पार विरघळला. कडेचा पहिला टाका मात्र सैल ठेवावा लागतो, नाहीतर ती बाजू आखडते. करड्या लड्या अशाच दुसऱ्या पट्ट्यात जातील.

काल रात्रीपर्यंत १४८ ओळी झाल्या, धुतल्यावर जवळपास ४६ सेंटिमीटर भरतील. उन्हात रंग किती उडतो ते बघायला नमुन्याचा एक तुकडा अर्धा पुठ्ठ्यात झाकून पश्चिमेच्या खिडकीत लावलाय. मे संपला की पुठ्ठा काढून बघणार. गच्चीवरच्या पिंपावर मी खडूने "रंगासाठी" असं लिहिलं, तर सासूबाईंनी त्यात कोथिंबीर लावायला माती भरलीय.