दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि नंतरचं रक्त

आमच्या तासगावच्या दाजींचं मुतखड्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. पीसीएनएल म्हणतात त्याला, पाठीतून बारीक भोक पाडायचं, दुर्बीण आत घालायची आणि खडा फोडून काढायचा. दोन-चार दिवसांत घरी. भेटायला येणारा जो तो एकच म्हणायचा, "दुर्बिणीचं हाय ओ, काय न्हाय त्यात."

अहो, भोक बारीक असलं तरी ते थेट किडनीत जातं ना! आणि हृदयातून निघालेल्या रक्तातलं जवळपास पाचवा हिस्सा रक्त एकट्या किडन्यांकडं जातं, म्हणून थोडंफार रक्त लघवीतून सगळ्यांनाच जातं आणि डीजे स्टेंट (किडनीतून मूत्राशयापर्यंत घातलेली बारीक नळी) आत असेपर्यंत चाललं-फिरलं की फिकट गुलाबी लघवी होते, त्याला घाबरायचं नसतं हे आम्हाला नीट सांगितलं होतं. पण आठवडा उलटल्यावर, सगळं स्वच्छ झाल्यावर, अचानक लालभडक रक्त येऊ शकतं हे कुणी बोललंच नाही.

आम्ही नको म्हणत असताना दाजी बागेत फवारणीला गेले (ते ऐकतात कुणाचं!). पण त्यानंच झालं असं नाही म्हणे, नुसतं बसून राहिलेल्यालाही होतं. रात्री लघवीत बेदाण्याएवढ्या गाठी, मग लघवीच अडकली, पोट दगड. गावातले डॉक्टर म्हणाले स्टेंटमुळं होतं, सकाळी बघू. ताई म्हणाली सकाळी कशाला, गाडी काढा.

मिरजेत जाड कॅथेटर घालून सलाईननं मूत्राशय धुतलं, गाठी काढल्या, रक्त चढवलं. तरी थांबेना. मग सीटी अँजिओत (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) दिसलं, भोक पाडताना दुखावलेल्या धमनीला बाजूला फुगा आलेला, स्यूडोअॅन्युरिझम. तो भरत भरत उशिरा फुटतो. जांघेतून बारीक नळी थेट किडनीच्या त्या फांदीपर्यंत नेली, कॉइल, म्हणजे धमनी बंद करणारी तारेची बारीक गुंडाळी सोडली, रक्त बंद. पोट फाडलं नाही, किडनीही वाचली, तेवढा एक छोटा तुकडा निकामी होतो म्हणाले. ही वेळ शंभरातल्या एखाद्यावर येते, तीपण क्वचित.

ज्यांचं व्हायचंय त्यांनी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, मनानं बंद करू नका. आणि डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या की रात्री गाठी आल्या, चक्कर आली, लघवी अडली तर फोन कुणाला करायचा आणि अँजिओची सोय कुठं आहे. दाजींचा स्टेंट पुढच्या आठवड्यात निघणार, त्यांची चौकशी मात्र एकच, औषध मारायला कधी जाऊ?