एप्रिलचं ऊन, तारकर्लीचा समुद्र आणि माझे पांढरे डाग

माझ्या मानेवर, हातांवर, पावलांवर आणि डोळ्यांभोवती व्हिटिलिगोचे पांढरे डाग आहेत. त्या जागच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. बाकीची मी गव्हाळ आहे. ठाण्याच्या उन्हात रापते, पण पोळत नाही. डाग मात्र अर्ध्या तासात लाल होतात आणि रात्री त्यांची आग होते. जन्मतः खूप गोरी, घाऱ्या डोळ्यांची माणसं असतात, त्यांनाही उन्हाचा असाच त्रास होतो. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि तिने मालवणजवळच्या तारकर्लीचा हट्ट धरला. आई किनाऱ्यावर छत्री धरून बसलेली तिला नको होती, पाण्यात बरोबर हवी होती. मलाही तेच हवं होतं. डाग वाढायला लागल्यापासून मी समुद्राला लांबूनच नमस्कार करत आले होते, आणि लेक आता कॉलेजला जाणार. या वेळी नीट तयारी करून जायचंच, असं ठरवलं.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं. माझी इथे ठाण्यातच नॅरोबँड यूव्हीबीची प्रकाशचिकित्सा चालू आहे, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांच्या दिव्याने डागांत रंग आणायचा उपचार. त्यांनी ती सहलीपुरती थांबवायला सांगितली. उन्हाने डागांत रंग येतो म्हणतात, मग समुद्रावरचं ऊन का नको, असं आमच्या घरी सगळेच विचारत होते. डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं. दवाखान्यातल्या दिव्याचा प्रकाश 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा असतो, सेकंदांवर मोजून देतात, आणि प्रत्येक वेळी आधीचा परिणाम बघून मात्रा ठरवतात. किनाऱ्यावरच्या उन्हाला असलं कुठलंच माप नाही. शिवाय व्हिटिलिगोत कातडीला इजा झाली की त्या जागी नवा डाग उठू शकतो. खरचटणं, घासणं ही जशी इजा, तसंच उन्हाने भाजणं ही पण इजाच. माझ्यासारख्यांना सनबर्नचा धोका आग आणि साल निघण्यापुरता नसतो तो यामुळे.

सासूबाईंच्या ओळखीतल्या एकांनी बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसायला सांगितलं होतं. सल्ला मायेपोटी होता, पण यावर मला कळकळीने सांगायचं आहे. बावचीत सोरालेन असतं. त्याने कातडी प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील होते. पूर्वीपासून औषधात वापर होतो तो याच गुणामुळे, आणि तेल लावून समुद्रावर गेलं तर फोड येतात तेही याच गुणामुळे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते कुणीही लावू नये. लिंबाच्या रसातही याच जातीची द्रव्यं असतात. किनाऱ्यावर तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळलं की हात साबणाने धुवायचे आणि मगच उन्हात जायचं, हे मी सगळ्यांकडून करून घेतलं. घरातल्यांच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवल्या. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, तेही उन्हाचा त्रास वाढवतं. गोळी बंद करायची नाही, पण टोपी त्यालाही घालायला लावायची, एवढं कळलं.

मग बसले घड्याळ घेऊन. आपल्याकडे शून्य सावली दिवसाच्या, म्हणजे सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या, बातम्या दरवर्षी येतात. ठाण्यात तो मेच्या मध्यावर असतो, मालवणकडे मेच्या पहिल्या आठवड्यातच. म्हणजे आम्ही जाणार त्या एप्रिलमध्ये तिथला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असणार. दुसरी गोष्ट, आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशाच्या वेळेवर आणि आपण राहतो पार पश्चिमेला. त्यामुळे आपल्याकडे खरी मध्यान्ह 12 वाजता होत नाही, साडेबारा उलटल्यावर होते. इंटरनेटवर सगळीकडे 10 ते 4 उन्हात जाऊ नका असं असतं. कोकणात 4 वाजता सूर्य अजून चांगलाच वर असतो. मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये तासातासाचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, दिसतो. त्या दिवसांत तारकर्लीचा आकडा दुपारी 11च्या वर दाखवत होता, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. 3च्या खाली असताना काळजी कमी. तो आकडा सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पावणेपाचनंतर मिळत होता. समुद्राच्या वेळा याच ठरल्या. ॲप नसेल तर सावली बघावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आत जायचं. एप्रिलमध्ये ते सकाळी साडेनऊच्या सुमारास होतं.

यानंतर कपडे. सनस्क्रीन मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं आणि या क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. आपण उलट करतो. महागातली ट्यूब घेतो आणि काळजी मिटली समजून बिनबाह्यांच्या कपड्यांत उन्हात जातो. क्रीमच्या डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे ते भाजण्यापासून किती वाचवतं तो आकडा, मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर लावून. एवढा थर द्यायचा तर चेहरा आणि मानेला एक छोटा चमचा, प्रत्येक हाताला एक, पोट आणि पाठ मिळून दोन, प्रत्येक पायाला दोन असे नऊ चमचे लागतात. छोटा चमचा 5 मिलिलिटरचा. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब एका वेळेत संपली, आणि दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आल्यावर, अंग पुसल्यावर परत लावायचं. इतकं कुणी लावत नाही, कुणाला परवडतही नाही. अंग कपड्याने झाकलं की क्रीम फक्त चेहरा, मान, कान, हातांची नि पायांची बोटं एवढ्यापुरतंच लागतं.

गोखले रोड आणि राम मारुती रोड पालथे घातले. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज घेतल्या, गडद निळ्या. लेबलवर यूपीएफ 50+ होतं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा फार तर पन्नासावा भाग आत येतो. पांढरा पातळ सुती टी-शर्ट या कामाचा नाही. त्यातून बरंच ऊन आत येतं आणि ओला झाला की आणखी येतं. दुकानात कापड दिव्यासमोर धरून बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तर ठेवून द्यायचं. रुंद काठाची टोपी घेतली ती वाऱ्यावर उडणार हे दिसतच होतं. आमच्या शिंप्याकडून तिला हनुवटीखाली बांधायला बंद शिवून घेतले. पावलांसाठी पाण्यातले रबरी तळव्यांचे बूट, हातांसाठी पातळ हातमोजे. जवळच्या तरणतलावावर एक दिवस हे सगळं घालून पोहून पाहिलं. ओल्या लेगिंग्ज खाली सरकत नाहीत ना, गळा काचत नाही ना, हे घरीच कळलेलं बरं.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घेतलं, एसपीएफ 50, पीए++++, वॉटर रेझिस्टंट. एसपीएफ हा मुख्यतः भाजवणाऱ्या यूव्हीबीचा हिशेब. पीए पुढच्या अधिकच्या खुणा यूव्हीएसाठी, म्हणजे कातडीत जास्त खोल जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं आणि 50 साधारण 98, त्यामुळे 50च्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ वाटला नाही. थर जाड लागणं जास्त महत्त्वाचं. झिंकची पांढुरकी झाक गव्हाळ कातडीवर दिसते, डागांवर दिसत नाही. दोन्हीकडे सारखंच लावायचं, कारण डागांभोवतीची कातडी रापली की डाग जास्त उठून दिसतात. आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून खाज येत नाही याची खात्री केली. ओठांसाठी एसपीएफवालं लिप बाम वेगळं घेतलं. सासूबाई खोबरेल तेलाची बाटलीही देत होत्या. केसांसाठी ती घेतली. ऊन अडवायला खोबरेल पुरत नाही.

रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरून गाडीने तारकर्लीला गेलो. गाडीच्या काचेतून यूव्हीबी फारसं येत नाही, यूव्हीए येतं, म्हणून हातावर ओढणी. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या पहाटे उजाडल्याबरोबर पाण्यात शिरलो. चेहऱ्याला क्रीम लावून वीस मिनिटं थांबलो होतो. लेक हात धरून मला छातीभर पाण्यापर्यंत घेऊन गेली. लाट आली की दोघी एकदम उडी मारायचो. मला खारं पाणी नाकातोंडात गेल्याचासुद्धा आनंद झाला, इतक्या वर्षांनी. साडेआठला मोबाईलचा गजर वाजला आणि लेकच म्हणाली, "आई, चल."

लोक बघतात. डागांकडे बघतात, मग एवढी अंगभर झाकलेली बाई पाण्यात काय करते म्हणूनही बघतात. एका ताईंनी तर जवळ येऊन हळूच विचारलं, की हे कपडे कुठे मिळाले, माझ्या भाचीला पण डाग आहेत. आम्ही वाळूत बसून बराच वेळ बोललो. मी डाग लपवायला झाकत नाही, उन्हापासून वाचवायला झाकते, आणि संध्याकाळी बाह्या वर करून मासळीबाजारातून फिरते, हेही त्यांना सांगितलं.

दुपार घरीच. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी मी एकदा साडेअकराला चप्पल घालताना दिसले तर म्हणाल्या, "आता खय जातंस गो? ऊन डोक्यार इला." त्यांना यूव्ही इंडेक्स सांगायची गरजच नव्हती. अंगणात फणसाची दाट सावली होती. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात तशी मिळत नाही. तिथे वर बघितलं की सगळीकडे आभाळ दिसतं, आणि जिथून आभाळ दिसतं तिथून किरणंही येतात. छत्रीचंही तसंच. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरणं परत फेकते, लाटांचा फेस 25 टक्क्यांपर्यंत. म्हणून छत्रीखाली बसतानाही हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या बाजूला क्रीम लावायचं.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणच्या जेटीवरून सकाळच्या पहिल्या होडीने गेलो. 1664 साली महाराजांनी पाया घातलेला हा किल्ला नीट बघायचा तर वेळ लागतो, आणि तटावर सावली जवळपास नाही. आम्ही आधी तट चालून घेतला. ऊन चढल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचं मंदिर बघितलं. चारी बाजूंना समुद्र आणि आत गोडं पाणी, लेक त्या विहिरीपाशी किती वेळ वाकून उभी होती.

किल्ल्याजवळच्या पाण्यात स्नॉर्केलिंग केलं. हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं, कारण पाण्यावर पालथं पडून राहिलं की मान आणि पोटऱ्या सतत उन्हात असतात आणि पाण्याच्या गारव्याने चटका जाणवतही नाही. पाण्यात अर्धा मीटर खालीसुद्धा वरच्या 40 टक्के अतिनील किरणं पोचतात. उंच गळा आणि लेगिंग्ज इथे खऱ्या कामी आल्या. प्रवाळ आणि रंगीत मासे दिसले. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ऑक्सिबेन्झोनसारखी काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात असं प्रयोगांत दिसलंय, हवाईने तर 2021 पासून त्यांची विक्री थांबवली. कपडे जास्त आणि क्रीम कमी, यात मालवणच्या समुद्राचंही भलं आहे.

त्या रात्री अंघोळीनंतर आरशात सगळं अंग तपासलं, रोजच तपासत होते. उन्हाची लाली तीन-चार तासांनी दिसायला लागते आणि दुसऱ्या दिवशी वाढते, म्हणून झोपण्यापूर्वी बघायचं. डाव्या मनगटावर बाही आणि हातमोजा यांच्या फटीत एक बोटभर लाल पट्टा होता. गार पाण्याची ओली घडी ठेवली, बर्फ नाही. मग साधं मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोरड्या सुती कापडाची पट्टी. फोड आले असते तर फोडायचे नाहीत आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे ठरलेलं होतं. तशी वेळ आली नाही. दोन दिवसांत लाली गेली.

ठाण्यात परत आल्यावर डॉक्टरांनी आधीचे फोटो काढून डागांच्या कडा ताडून पाहिल्या. नवा डाग नव्हता. मनगटाची जागा त्यांनी महिनाभराने पुन्हा दाखवायला सांगितली, तेव्हाही ती स्वच्छ होती. मध्ये खंड पडला म्हणून प्रकाशचिकित्सा थोड्या कमी मात्रेपासून सुरू केली. हातमोजे मात्र बदलले आहेत. आता कोपरापर्यंत येणारे घेतलेत. लेकीच्या कॉलेजची दिवाळीची सुट्टी कळली की त्या दिवसांतल्या सूर्याच्या वेळा मी नव्याने काढणार आहे.