पेंटबॉलची गोळी आणि एकोणीस दिवस अडकलेली रिंग

कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे आट्यांनी बसवतात त्या ७७ मिलिमीटरच्या काचेच्या फिल्टरची चेपलेली रिंग निघायला एकोणीस दिवस लागले. त्यातले अठरा दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. अजून राग येतो.

मालाडला मावसभावाच्या ऑफिसची पेंटबॉल मॅच होती, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ. फोटोसाठी मी जाळीच्या आत गेलो. तोंडावर मास्क, ७०-२०० झूम लेन्सवर यूव्ही फिल्टर, एवढं पुरेल असं वाटलं. नाही पुरत! गोळी तीनेक ग्रॅमची, पण येते सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटरनं. एक थेट फिल्टरवर बसली. काच फुटली, रिंग एका बाजूनं आत दबली आणि आट्यांत रुतून बसली. मी घाईत रुमालानं रंग पुसला आणि किरचांनी पुढच्या भिंगावर ओरखडा उठला. तो कायमचा राहिला. काच फुटली तर लेन्सचं तोंड आधी खाली करा. पुसायचं नंतर.

सर्व्हिस सेंटरला स्पष्ट सांगितलं होतं, फक्त रिंग काढून द्या. टोकन मिळालं. फोन केला की एकच उत्तर, ‘टेक्निशियन बघतायत.’ बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतः गेलो. लेन्स मी दिली तशीच बबल रॅपमध्ये, टोकनचा स्टिकरही न फाटलेला. आत केशरी रंग वाळून पापुद्रे धरलेला. कोणी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं! अठराव्या दिवशी एस्टिमेट आलं, पुढचा सगळा भाग बदलण्याचं. मी लेन्स परत घेतली.

दुसऱ्या दिवशी फोर्टात बोरा बाजारात एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी लेन्स उलटी धरून चिमट्यानं किरचा काढल्या, भिंगावर जाड कागद बसवला, करवतीच्या पात्यानं रिंगला एकमेकींजवळ दोन खाचा पाडल्या आणि मधला तुकडा पकडीनं आतल्या बाजूला ओढला. रिंग सैल होऊन हातात आली. वीस मिनिटं. ‘आटे शाबूत आहेत,’ ते म्हणाले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता हूडच्या, म्हणजे लेन्सपुढच्या नळीसारख्या आडोशाच्या, तोंडाशी तीन मिलिमीटरचा पॉलिकार्बोनेटचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवतो. अॅक्रिलिक घेऊ नका, ते तडकतं. फोटो किंचित मऊ, म्हणजे कमी धारदार येतो आणि ऊन समोरून आलं तर चकाकतं, म्हणून सूर्य पाठीशी ठेवायचा. कॅमेऱ्याच्या बॉडीला रेन कव्हर. मैदानात लेन्स बदलायची नाही. आणि हो, गोळीतला रंग पाण्यात विरघळतो, तेव्हा ओलं फडकं जवळ ठेवा, कोरड्यानं घासू नका. मास्क तर खेळ थांबला असला तरी आत काढायचा नाही.

गेल्या रविवारी त्या तुकड्यावर तीन गोळ्या फुटल्या. बॅगेत दुसरा कापलेला तयार होता. तो लावला, हूड पुसलं आणि पुढच्या गेमला परत आत गेलो.