अर्धी गोळी

फेब्रुवारीत आम्ही नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला द्राक्षबागेत कामावर होतो. भात-नागलीची कामं उरकली की पेठ तालुक्यातली आमच्यासारखी कितीतरी घरं तिकडे उतरतात. लेक तेव्हा ११ महिन्यांची. बागेत मातीत रांगायची, सापडेल ते तोंडात घालायची. १० तारखेला जंतनाशक दिन होता. मोठ्या मुलाला गोळी मिळाली, हिला नाही. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, असं आशाताई म्हणाल्या.

पावसाच्या तोंडावर गावी आलो. पोरीचं पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, मीही अडवलं नाही. ऑगस्टमध्ये अंगणवाडीत वजन केलं तर ७ किलो ६०० ग्रॅम. ताईंनी कार्डावर टिंब दिलं ते पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. मला रडू फुटलं.

१० ऑगस्टला तिला नेमका ताप. आजारी लेकराला गोळी देत नाहीत म्हणून परत पाठवलं. पण राहिलेल्या मुलांसाठी आठवड्यानं पुन्हा दिवस ठेवतात, तेव्हा गेले. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, तिच्या वयाला अर्धीच. ताईंनी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पार पूड केली, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून पाजली. अख्खा तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून ही काळजी. रात्री पोरगी पोट धरून कुरकुरली. ताईंनी आधीच सांगितलं होतं, जंत जास्त असले की थोडं दुखतं. तरी मी रात्रभर जागीच होते. तिसऱ्या दिवशी शीमधून गांडुळाएवढा पांढुरका जंत पडला. एवढ्याशा पोटात तो होता, हे अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

गोळीनं आतले जंत मरतात, मातीतली अंडी तशीच राहतात. म्हणून दर सहा महिन्यांनी द्यायची. पेठच्या बाजारातून तिला चपला आणल्या, नखं दर आठवड्याला कापते. अंगणवाडीतलं अंडं, नागलीची पेज, भातावर चमचाभर तेल. वजन गोळीनं वाढेल की खाण्यानं, असं ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जंत असले तर खाल्लेलं अंगी लागत नाही गं, पण नुसत्या गोळीनं पोट भरतं का?"

नोव्हेंबरात काटा ८ किलो ६०० वर गेला. टिंब हिरव्यात.

येत्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गिरणाऱ्याला असू. लेक तेव्हा २३ महिन्यांची, म्हणजे परत अर्धीच गोळी. कार्ड आत्ताच पिशवीत भरून ठेवलंय.